दुसऱ्या बायकोसाठी वाजवलेली धून
काल रात्री गंगापूर रोडला मस्त पाऊस चालू होता आणि मी परत तीच स्कॉटिश धून लावली, नील गाउची. हा पर्थशायरमधल्या इन्व्हरचा फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, जन्म १७२७ चा, अथोलच्या ड्यूकच्या पदरी होता. दुसरी बायको मार्गारेट १८०५ मध्ये गेली, तीस वर्षांहून जास्त संसार झालेला, आणि सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने तिच्यासाठी ही धून केली. शोकाची आहे पण रडकी अजिबात नाही, डी मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या बिलावलसारखे शुद्ध स्वर, तरी गळा दाटून येतो यार. मला तर त्यात दुःखापेक्षा संसाराचीच आठवण जास्त ऐकू येते. १८०७ ला तोही गेला. आईला ऐकवली तर मेथी निवडता निवडता थांबली, म्हणाली, परत लाव रे.