आमची वाटचाल : कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतून

नाशिकमध्ये कॉलेजच्या मुलांसाठी चालवलेल्या आमच्या क्लासच्या दारावर फीच्या तक्त्याच्याही वर एक पाटी आहे : ‘तयार प्रोजेक्ट मिळणार नाहीत.’ ही पाटी पहिल्या दिवसापासूनची. तिच्यामुळे बरीच मुलं जिन्यातूनच परत गेली, काही पालकही रागावून गेले. तरी ती काढावी असं आम्हाला कधी वाटलं नाही. आमचं सगळं काम त्या एका ओळीवर उभं आहे.

सुरुवात 2014 ची. मी तेव्हा तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवत होते. सोबत संख्याशास्त्राचे एक सर होते, तेही तासिका तत्त्वावरच. तासाचे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी हातात येणार आणि वर्ग शंभराच्या पुढे. इतक्या मुलांत एकाला थांबवून ‘तुला नेमकं कुठे अडतंय?’ असं विचारायची सोय नव्हती. ती सोय करायची म्हणून आम्ही दोघांनी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. एक फळा, दोन जुने कॉम्प्युटर आणि सतरंजी. क्लास म्हणजे नोट्स आणि पाठांतर असा समज होता, त्यामुळे आम्ही काय करणार आहोत हे घरमालकांना समजावून सांगतानाही आमची दमछाक झाली.

नाशिकला कॉलेजांची कमी नाही. केटीएचएम, बीवायके, एचपीटी-आरवायके ही नावं जिल्हाभर माहीत आहेत. म्हणून सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, येवला इथली मुलं बारावीनंतर इकडे येतात. कुणी वसतिगृहात राहतं, कुणी चौघांत मिळून खोली करतं, कुणी रोज एसटीने ये-जा करतं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं, अकरावी-बारावी गाईडवर कशीबशी काढलेलं मूल एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, येतं आणि सगळी पुस्तकं इंग्रजीत बघून गप्प होतं. वर्गात हात वर करत नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहतात, मग चार. घरी मात्र ‘चाललंय चांगलं’ एवढंच सांगितलं जातं. ही मुलं हुशारीत कुठेच कमी नाहीत, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून ठामपणे सांगते. पेपर कसा वाचायचा, माहिती कशी जमवायची, आपलं म्हणणं कसं मांडायचं हे त्यांना कुणी शेजारी बसून दाखवलेलं नसतं, एवढंच.

आमच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. विषय राहिला की मूल म्हणतं, ‘मॅडम, पेपर तर चांगला गेला होता.’ बहुतेक जण तिथेच नशिबाला दोष देऊन पुढचा फॉर्म भरतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात निकालानंतर ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. हे कित्येकांना माहीतच नसतं. आम्ही ती मागवायला लावतो आणि पेन्सिल घेऊन मुलाच्या शेजारी बसतो. प्रश्न होता ‘फरक स्पष्ट करा’. मुलाने आधी एका संकल्पनेवर पानभर टीप लिहिलेली, मग दुसरीवर पानभर. दोन्ही बरोबर, पण फरक कुठेच नाही. आठपैकी तीन गुण. आम्ही त्याच कागदामागे दोन रकाने आखतो आणि त्यानेच लिहिलेली वाक्यं समोरासमोर बसवायला सांगतो. दहा मिनिटांत तक्ता तयार होतो. ‘म्हणजे मला येत होतं!’ हे वाक्य मी त्या टेबलावर किती वेळा ऐकलंय! गणिताच्या पेपरात वर्किंग नोट न दाखवल्यामुळे गेलेले गुण, सुटून गेलेला उपप्रश्न, शेवटच्या वीस गुणांना न पुरलेला वेळ, हे सगळं त्या झेरॉक्सवर स्वच्छ दिसतं. पुनर्मूल्यांकनात गुण वाढोत न वाढोत, पुढचा पेपर बदलतो.

विद्यापीठाच्या 2019 च्या परीक्षा पॅटर्नमध्ये 30 गुण अंतर्गत आणि 70 लेखी, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागायचं. लेखीत 45 मिळवूनही अंतर्गतमुळे अडकलेली मुलं आमच्याकडे यायची, कारण सबमिशनची तारीखच त्यांना कळलेली नसायची. तेव्हापासून प्रत्येक मुलाची सेमिस्टरची तारीखवही आम्ही पहिल्याच आठवड्यात करून घेतो. साधं काम आहे, पण सोडून चालत नाही.

आता प्रोजेक्टबद्दल. बाजारात ब्लॅक बुक, म्हणजे बांधणी केलेला प्रोजेक्टचा अहवाल, तयार मिळतं. फक्त नाव आणि कॉलेज बदलायचं, सोनेरी अक्षरांत बांधणी करायची. आमच्याकडेही तीच मागणी येते. आम्ही सांगतो, विषय तुझ्या गावातला आण, बाकी आपण मिळून बसू. सुरगाण्याकडची एक मुलगी अशीच ‘काहीही द्या’ म्हणत आली होती. बोलता बोलता कळलं, घरी स्ट्रॉबेरी आहे आणि सापुताऱ्याच्या रस्त्यावर तिची आई टोपली घेऊन बसते. सरांनी विचारलं, ‘सकाळचा भाव आणि संध्याकाळचा भाव सारखाच असतो का?’ ती हसली. ‘नाही ना सर, संध्याकाळी माल नरम पडतो, मिळेल त्याला द्यावा लागतो.’ झालं, विषय ठरला. तिने रस्त्याकडेच्या विक्रेत्या बायकांशी त्यांच्याच बोलीत बोलून माहिती आणली. वहीतले आकडे एक्सेलमध्ये घातले : तारीख, वेळ, पेटीचा भाव, उरलेला माल. पिव्होट टेबल (आकडे गटागटाने मांडणारा तक्ता) केल्यावर शनिवार-रविवारचा आणि मधल्या वारांचा फरक एका नजरेत दिसला. मधल्या वारांना माल कमी तोडला तर नुकसान किती घटेल, हे तिने स्वतः मांडलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला बराच वेळ थांबवून घेतलं आणि प्रश्न संपले तरी तिची उत्तरं संपत नव्हती. असं प्रोजेक्ट कुठल्या दुकानात मिळणार?

एमए-एमकॉमच्या मुलांना आम्ही यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018 चे वाङ्मयचौर्याचे, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देण्याबद्दलचे, नियम बसवून वाचायला लावतो. प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. 10 ते 40 असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. 40 ते 60 असेल तर एक वर्ष सादरच करता येत नाही आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत आणि स्रोत सांगून घेतलेला मजकूर या मोजणीत धरत नाहीत, हे कळलं की मुलं आपण होऊन संदर्भ द्यायला लागतात. त्यांना चोरी करायची नसते, उसनं कसं घ्यायचं हे कुणी शिकवलेलं नसतं.

चॅटजीपीटी आल्यापासून हे काम वाढलंय. मुलं झकास इंग्रजीतली वीस पानं घेऊन येतात. आम्ही ओरडत नाही. पान उघडून एका वाक्यावर बोट ठेवतो आणि मराठीत समजावून सांग म्हणतो. संदर्भसूचीतलं एखादं पुस्तक शोधून दाखव म्हणतो. कधी कधी तसं पुस्तकच नसतं. मूल तिथेच समजून जातं. शंका विचारायला, इंग्रजी वाक्य तपासून घ्यायला हे साधन जरूर वापरावं, असं आमचं मत आहे. विचार करायचं काम मात्र त्याच्याकडे सोपवलं तर तोंडी परीक्षेला एकटं पडायला होतं.

मार्च 2020 नंतर खोली बंद झाली, भाडं चालू राहिलं. पेठ-सुरगाण्याकडे व्हिडिओ चालेना, तेव्हा आम्ही साध्या फोनवर चौघा-चौघांना कॉन्फरन्सवर घेऊन शिकवलं. पुढे अंतिम वर्षाची परीक्षा एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्नांच्या) पद्धतीने झाली, त्याचा सराव मुलांनी फोनवरच केला. त्या काळात जुन्या विद्यार्थ्यांनी न मागता पुढची फी आगाऊ पाठवली. त्या उपकाराची जाणीव मला कायम आहे.

एक्सेल, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असे आमचे कौशल्याचे कोर्स मुलांच्या नोकरीच्या मुलाखतींतून उगवले. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखत देऊन आलेली मुलं सांगायची, डिग्री कुणी बघितली नाही, एक शीट समोर ठेवली आणि बसवलं. म्हणून आमचं एक्सेल माउस धरण्यापासून नाही, तर बिलांच्या गठ्ठ्यापासून सुरू होतं. टॅलीत व्हाउचर टाकता येणं पुरेसं नाही, जीएसटीची नोंद चुकली कुठे हे सापडलं पाहिजे. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाची मर्यादा पुस्तकात 50 हजार वाचलेली असते. राज्यातल्या राज्यात माल जाताना महाराष्ट्रात ती 1 लाख आहे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पहिल्या दिवशी हेच विचारतात. युनिकोड मराठी टायपिंगही शिकवतो, कारण ग्रामपंचायतीपासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे त्याची गरज पडते. मुलाखतीचा सराव मराठीतून सुरू करतो. आधी बोलायचं धाडस, मग इंग्रजी.

महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचा फॉर्म भरायला मदत मात्र पहिल्यापासून मोफत. उत्पन्नाचा दाखला जुना असतो किंवा आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं, आणि तेवढ्यासाठी वर्षाची शिष्यवृत्ती अडकते. त्याचे पैसे कसे घ्यायचे?

फीचं म्हणाल तर ती हप्त्यांत आहे आणि हप्ते शेतीच्या तालावर आहेत. द्राक्षवाल्या घरचे पैसे जानेवारी ते एप्रिलमध्ये येतात, कांद्याचे भाव मिळतील तसे. ते सांगतात, आम्ही थांबतो. बुडवणारे फारच थोडे निघाले.

2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), क्रेडिट, ऑन-जॉब ट्रेनिंग (प्रत्यक्ष कामाचा अनुभव) हे सगळं घेऊन मुलं आणि पालक दोघंही गोंधळलेले येतात. आम्ही विद्यापीठाची परिपत्रकं छापून भिंतीवर लावली आहेत आणि विषय निवडण्याआधी तासभर बसून बोलतो. ट्रेनिंगसाठी नुसतं प्रमाणपत्र देणारी जागा शोधू नका, काम करू देणारी शोधा, हे माझं प्रत्येकाला सांगणं असतं. ओळखीचे काही लघुउद्योजक आणि एक-दोन सीएंची ऑफिसं आमच्या मुलांना खरोखर बसवून घेतात.

आज आम्ही सहा जण आहोत आणि त्यातले तिघे आमचेच जुने विद्यार्थी. एक्सेलची बॅच आता ती स्ट्रॉबेरीवालीच घेते. दिंडोरीला रविवारची बॅच सुरू करायची आहे. जागा बघून झाली, पहिल्या तुकडीसाठी चार लॅपटॉप बाजूला काढले आहेत. तिथे टॅली शिकवायला आसपास राहणारं कुणी हवं आहे. तासाचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील.