आत कोण आहे, हे विचारायचं नाही

नायजेरियात लागोसला राहायला आल्यावर शेजारच्या योरुबा जमातीच्या बाईंनी मला बरंच काही बजावून सांगितलं होतं. त्यात एक गोष्ट अशी, की रस्त्यात मुखवटा समोर आला तर निमूट बाजूला व्हायचं, हुज्जत घालायची नाही. लागोस बेटावर पांढऱ्याशुभ्र झग्यातले एयो नावाचे मुखवटे निघतात तेव्हा तर नियमांची यादीच असते. पायात चप्पल नको, सायकल नको, सिगारेट नको, आणि बायकांनी ‘सुकू’ पद्धतीने डोक्यावर मधोमध उभे केस बांधलेले नकोत. पण एयो दरवर्षी निघत नाहीत. कोणी मोठा माणूस गेला किंवा तसंच काही निमित्त झालं तरच निघतात. त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा सीमा ओलांडून बेनिनला गेलेलं बरं, असं ठरवलं.

मुखवटा म्हणजे नुसता चेहरा नव्हे, हे आधीच सांगते. पश्चिम आफ्रिकेच्या या पट्ट्यात डोक्यापासून पायापर्यंतचा पेहराव, ढोल, गाणी, सोबतची काठीवाली माणसं आणि बघणारं गाव, हे सगळं मिळून मुखवटा होतो.

बादाग्रीवरून सेमेच्या सीमेपर्यंतच्या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. वाटेतल्या चौक्या मोजायचं सोडून दिलं की प्रवास बरा होतो. पलीकडे गेल्यावर भाषा फ्रेंच होते, रस्त्याकडेला काचेच्या बरण्यांमध्ये चोरटं पेट्रोल विकायला दिसतं आणि ‘झेमिजान’ म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली अंगावर येतात. पोर्तो-नोव्हो कागदोपत्री देशाची राजधानी. प्रत्यक्षात सरकार बसतं कोतोनूला, त्यामुळे पोर्तो-नोव्हो निवांत आहे. ब्राझीलमधल्या गुलामगिरीतून सुटून परत आलेल्या लोकांनी बांधलेली रंगीत घरं इथे आहेत, आणि त्यांनीच उभारलेली एक मोठी मशीद आहे, जी समोरून हुबेहूब चर्च वाटते. त्यांनी येताना ‘बुरियां’ नावाचा स्वतःचा मुखवट्यांचा खेळही आणला. जानेवारीत बोनफिमच्या सणाला तो निघतो, पोर्तुगीज गाणी म्हणत. ज्यांना ती भाषा आता बोलता येत नाही, तेही ती गाणी म्हणतात.

मला बघायचा होता झांगबेतो नावाचा मुखवटा. वाटाड्या म्हणून मिळालेला मुलगा कॉलेजात शिकत होता, इंग्रजी बरं बोलायचा आणि मला ‘तांती’ म्हणायचा. मावशी, काकू, आत्या, सगळ्यांना तिकडे तेच. त्याची आई दर रविवारी चर्चला जाते आणि वडिलांकडचं घर झांगबेतोच्या मंडळातलं आहे. यात काही विसंगत आहे असं त्याला वाटत नव्हतं, आणि चार दिवस राहिल्यावर मलाही वाटेनासं झालं.

दुपार कलल्यावर एका वाडीच्या मोकळ्या अंगणात घंटा वाजायला लागली आणि कोपऱ्यावरून ते आलं. राफिया पामच्या वाळक्या पात्यांचा माणसाहून उंच शंकू. पाती पिवळी, जांभळी, हिरवी रंगवलेली, थरावर थर. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा नाही. आधी सावकाश सरकत आलं, आणि ढोलाची लय बदलल्याबरोबर जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. पाती आडवी उडाली, धुरळा उठला, वाळक्या गवताचा नि घामट मातीचा वास नाकात गेला. काठ्या घेतलेली माणसं भोवताली धावत होती, त्याला वळवत होती, गर्दीला मागे सारत होती. पोरं एकदम पुढे जायची, किंचाळत मागे पळायची. मग ते थांबलं. तिघांनी मिळून तो शंकू एका बाजूने उचलला आणि पुरता आडवा पाडला.

आत कोणी नव्हतं. जमिनीवर एक लहानसं लाकडी कासव होतं.

माझी मान अर्थातच इकडेतिकडे वळली. कुठून निघाला, कधी निघाला? आजूबाजूच्या बायकांपैकी एकीनेही तसं बघितलं नाही. त्या टाळ्या वाजवत होत्या. झांगबेतो म्हणजे रात्रीचे पहारेकरी. इथल्या गून लोकांच्या श्रद्धेप्रमाणे पात्यांच्या आत माणूस नसतोच, रात्रीची शक्ती असते. पोर्तो-नोव्होचं राज्य वसवणारा ते-आग्बान्लिन अलादाच्या राज्यातून निसटला तेव्हा पाठलाग करणाऱ्यांना यांनीच घाबरवून परतवलं, अशी कथा सांगतात. पूर्वी रात्री वस्तीत गस्त घालायची, चोर पकडायचा, भांडण मोडायचं, दंड ठोठवायचा, ही यांची कामं. अजूनही ती पुरती गेलेली नाहीत.

“मागे आमच्या गल्लीतून मोटारसायकल चोरीला गेली,” वाटाड्या म्हणाला. “मालक आधी यांच्याकडे गेला.”

“मिळाली?”

“दोन रात्री हे गल्लीतून फिरले. तिसऱ्या सकाळी गाडी रस्त्यात उभी होती.”

“कोणी आणून ठेवली?”

त्याने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. तो प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. चोर गल्लीतलाच कोणाचा तरी मुलगा असणार. नाव उघड झालं असतं तर दोन घरांचं बोलणं कायमचं तुटलं असतं. झांगबेतोला चेहरा नाही, म्हणून चोरालाही चेहरा न दाखवता माल परत करायची सोय राहते. मला हे फार हुशारीचं वाटलं.

याचा आणखी एक उपयोग पश्चिमेला, मोनो नदी समुद्राला मिळते त्या भागात करून घेतलाय. तिथली खारफुटी सरपणासाठी आणि मीठ आटवण्यासाठी तोडली जायची. आता काही पट्टे झांगबेतोच्या नावाने राखून ठेवलेत, विधी करून. आपल्याकडे देवराईतली काटकी उचलायला माणूस बिचकतो, तसंच. वनखात्याच्या पाटीला जे जमत नाही ते तिथे पात्यांच्या शंकूला जमतं.

केतूचा अनुभव याच्या अगदी उलटा. पोर्तो-नोव्होहून उत्तरेला, साकेते आणि पोबेवरून, लाल मातीतून आणि पामच्या बागांमधून रस्ता जातो. केतू हे जुनं योरुबा राज्य. 1886 मध्ये शेजारच्या दाहोमे राज्याच्या सैन्याने ते जाळून, लुटून रिकामं केलं, माणसं बंदी करून नेली. नंतर पुन्हा वसलं. गेलेदे या मुखवट्यांच्या सोहळ्याचा उगम इथलाच असं योरुबा लोक मानतात. 2001 मध्ये युनेस्कोने गेलेदेला मानवजातीच्या मौखिक वारशातली थोर कृती म्हणून जाहीर केलं आणि 2008 मध्ये ती बेनिन, नायजेरिया आणि टोगोच्या नावे वारशाच्या यादीत गेली. सुगीनंतर होते, दुष्काळात किंवा रोगराईत होते, आणि मंडळातलं कोणी वारलं तरी होते. मी गेले ते एका म्हाताऱ्या बाईच्या मृत्यूनंतरच्या गेलेदेला.

गेलेदे आहे आयांसाठी. स्वतःची आई नव्हे, ‘आमच्या आया’. वयाने पिकलेल्या, ज्यांच्या हातात जन्म द्यायची आणि ती शक्ती उलटी फिरली तर वाटोळं करायचीही ताकद आहे असं मानतात, अशा सगळ्या बायका. त्या रुसल्या तर पाऊस नाही, मूल नाही. म्हणून त्यांना खूश ठेवायचं. नाचणारे सगळे पुरुष, पण मंडळाची प्रमुख बाई असते, ‘इयालाशे’. मुखवटे जिथे ठेवतात त्या देवघराचा कारभार तिच्याकडे.

रात्री बाजारच्या चौकात एफे, म्हणजे गाणारा मुखवटा, येतो. मध्यरात्र उलटून गेली होती. आधी देवांना, पूर्वजांना आणि आयांना वंदन, मग तो गायला लागला आणि हळूहळू गावाचीच उजळणी सुरू झाली. कोणी पैसे बुडवले, कोणी निवडणुकीआधी विहीर देतो म्हणाला आणि नंतर फिरकला नाही, कोणत्या घरात सासूला उपाशी ठेवतात. नावं घेत नव्हता, पण हशा कोणत्या बाकाकडे तोंड करून उठतो त्यावरून सगळ्यांना कळत होतं. वाटाड्याचं योरुबा कच्चं, त्यामुळे माझ्यापर्यंत अर्धंच पोचलं. तेवढंही पुरेसं होतं. आयांच्या आशीर्वादाने बोलणाऱ्या एफेला त्या रात्रीच्या शब्दाबद्दल कोणी जाब विचारत नाही. ज्याच्यावर गाणं होतं तो माणूस तिथेच बसून, चेहरा शक्य तितका सरळ ठेवून, ऐकत असतो. उठून जाणं म्हणजे कबुली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाच. मुखवटे जोडीने येतात. लाकडी, डोक्यावर टोपीसारखे बसवलेले, खाली चेहऱ्यावर पातळ कापड. वरच्या कोरीवकामात काय वाट्टेल ते असतं. मी साप, पक्षी आणि शिवणयंत्रावर वाकलेली बाई पाहिली. पुरुषांनी छाती आणि नितंब भरगच्च बांधलेले, पायात लोखंडी वाळे. ढोल जे बोलतो ते पायांनी तसंच्या तसं बोलायचं, एक ठोका इकडेतिकडे झाला की म्हाताऱ्या बायका तोंड वाकडं करतात. एका नाचणाऱ्याच्या अंगावर गुंडाळलेलं निळं कापड बघून माझ्या शेजारची बाई पुढे झाली आणि नाच चालू असताना सुटत आलेलं टोक खोचून परत येऊन बसली. कापड तिचं होतं. या पेहरावात लुगडी, डोक्याचे रुमाल असे गावातल्या बायकांचेच कपडे लागतात, आणि ते त्यांच्याकडून मागून आणतात. आत कोण आहे हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पातळ कापडातून त्याचं नाकही दिसत होतं.

म्हणजे पोर्तो-नोव्होत आत कोणीच नाही, आणि इथे आत असलेल्या माणसाचं कापड कोणाच्या पेटीतलं तेही ठाऊक. तरी दोन्हीकडे लोकांच्या अंगावर तोच काटा आणि तोच आनंद. गुपितात जादू असते असं धरून मी निघाले होते. प्रत्यक्षात काम चालतं ते सगळ्यांनी मिळून पाळलेल्या संकेतावर.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. आयांचा हा मान बराचसा भीतीतून आलेला आहे. याच पट्ट्यात ओरो, म्हणजे फक्त पुरुषांनी पाळायचा देव, बाहेर पडतो तेव्हा बायकांनी दारं-खिडक्या लावून घरात बसायचं असतं, त्याचा घुमणारा आवाज ऐकायचा, बघायचं नाही. गेलेदेच्या दुसऱ्या दिवशी त्याच बायका पहाटे पाण्याच्या रांगेत होत्या, आणि नाचणारे पुरुष झोपले होते.

एगुनगुन नावाचे मुखवटे मी किनाऱ्याजवळच्या विदा गावी पाहिले, जानेवारीत. त्याच महिन्यात बेनिनमध्ये वोदूनची, म्हणजे तिथल्या पारंपरिक धर्माची, राष्ट्रीय सुट्टी असते. याच देशात 1970च्या दशकात अध्यक्ष केरेकूच्या मार्क्सवादी राजवटीने जादूटोण्याच्या नावाखाली या पंथांच्या मागे ससेमिरा लावला होता. 1990 नंतर वारं फिरलं, फेब्रुवारी 1993 मध्ये विदाला वोदूनचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, आणि 2024 पासून सरकार ‘वोदून डेज’ नावाने थाटाचा सोहळा करतं. किनाऱ्यावर व्यासपीठ, पडदे, दिवे. मला गल्ल्यांमध्ये जास्त मजा आली.

एगुनगुन म्हणजे परत आलेले पूर्वज. मखमलीच्या, टिकल्या लावलेल्या, कातरलेल्या काठांच्या पट्ट्या खांद्यापासून सुटलेल्या. तोंडावर कवड्यांची जाळी. घराण्याने नवं कापड वाहिलं की ते जुन्यावर चढतं, त्यामुळे आतल्या थरात आजोबांच्या काळातलं कापड असू शकतं. तो गिरकी घेतो तेव्हा पट्ट्या उघडतात आणि त्यांचा वारा अंगावर येणं शुभ. कापडाचा स्पर्श मात्र जिवावर बेतणारा. वारा हवा, कापड नको, म्हणून अख्खी गल्ली पुढे सरकते आणि किंचाळत पळते. मीही पळाले, एका शिंप्याच्या दुकानात शिरले. शिंपी यंत्राखाली लपला होता.

एका अंगणात मात्र शांतता होती. एगुनगुन खुर्चीवर बसला होता, घरचे लोक लांब गुडघे टेकून. आम्ही दाराशीच थांबलो. घशातून खरवडल्यासारखा, माणसाचा न वाटणारा आवाज, आणि काठीवाला त्याचा अर्थ सांगत होता. दोन भावांत जमिनीच्या तुकड्यावरून काहीतरी चाललं होतं. पूर्वज म्हणाले, बहीण कोतोनूहून येईपर्यंत काही विकायचं नाही. थोरल्याने कपाळ जमिनीला टेकवलं, नोट खाली ठेवली. काठीवाल्याने ती काठीने ओढून घेतली. हेच एखादा काका म्हणाला असता तर त्यालाच चार शब्द ऐकावे लागले असते. आजोबांशी वाद घालता येत नाही, ते वारलेले असतील तर मुळीच नाही.

सगळं असं गोड नसतं. पोरं काठ्या घेऊन माजतात, मारहाण होते, कधी प्रशासनाला बंधनं घालावी लागतात. आणि तरी हे टिकलंय. याच किनाऱ्यावरून बोटीत कोंबून नेलेल्या लोकांनी एगुनगुन ब्राझीलच्या इतापारिका बेटावर नेले, तिथे ते आजही येतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पिवळ्या तापाच्या लशीचं पुस्तक विसरू नका. सीएफए फ्रँकच्या लहान नोटा जवळ ठेवा, फोटोआधी विचारा आणि काठीवाला जिथे उभं राहा म्हणेल तिथेच उभं राहा. गेलेदेची तारीख आधी कोणी सांगत नाही, केतूला ओळख काढून फोन करत राहावं लागतं. जानेवारीत विदाला खोली मिळणं कठीण, त्यापेक्षा कोतोनूला राहा. अंतर चाळीसेक किलोमीटर आहे, सकाळी लवकर निघालात तर सोपं जातं.