भांडणाचा हिशेब

भिंतीवर समोरासमोर आलेले दोन बोके असे काही विव्हळतात की वाटतं, आता एक जण मरणार. पाठीला बाक, शेपट्या फुललेल्या, आवाज टिपेला. मग त्यातला एक, आपल्याला तसंही निघायचंच होतं अशा थाटात, सावकाश चालू लागतो.

नखं, दात सगळं जवळ असताना हा संयम कशासाठी? आपल्या प्राणिजातीच्या भल्यासाठी, असं पूर्वी सांगत. मला ते उत्तर जरा सोवळंच वाटतं. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी 1973 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात गेम थिअरी (समोरचा काय करेल यावरून आपली चाल ठरवण्याचं गणित) लावून दाखवलं की एवढ्यासाठी निव्वळ स्वार्थ पुरतो. (प्राइसचा या विषयावरचा आधीचा लेख मेनार्ड स्मिथकडेच परीक्षणाला गेला होता. श्रेयावरून जुंपायची संधी असून दोघांनी मिळून लिहिलं, हे विशेषच.)

पुढे रूढ झालेला सोपा हिशेब असा. एकाच जातीत दोन स्वभाव: 'ससाणा' रक्त निघेपर्यंत लढतो, 'कबूतर' नुसता आव आणतं आणि समोरचा खरंच भिडला की पळतं. सगळीच कबुतरं असतील तिथे एखाद्या ससाण्याची चंगळ. पण ससाणे वाढले की गाठ ससाण्याशीच पडते, आणि मग पळपुटेपणा फायद्याचा ठरतो. जिंकण्याचा लाभ 40 आणि जखमेचा तोटा 100 धरला, तर तराजू शंभरात 40 ससाण्यांवर स्थिरावतो. चांगुलपणाचा रकाना या वहीत नाहीच.

स्कॉटलंडच्या रम बेटावरचे तांबडे हरीण तर लढाईआधी चाचणीच घेतात. नर आळीपाळीने गर्जतात, तेवढ्याने भागलं नाही तर शेजारी शेजारी चालत एकमेकांना जोखतात, आणि तरीही निकाल लागला नाही तरच शिंगं अडकवतात. गर्जेल तो पडेल काय, हे ढगांना ठीक आहे. इथे गर्जनेला दम लागतो आणि खंगलेल्या नराला तो फार वेळ टिकवता येत नाही, त्यामुळे थाप मारायला वाव कमी.

हत्ती-सील या अवाढव्य समुद्री प्राण्याचा हिशेब मात्र उलटा. किनाऱ्यावरच्या बहुतेक माद्या मोजक्या नरांकडे जातात, कित्येक नरांना जन्मभर एकही मिळत नाही. माघार घेऊन वाचवलेलं अंग मग ठेवायचं कशासाठी? तिथे माना फाटेपर्यंत लढाई होते.