तुम्ही विचारलंत म्हणून: सामान नाही मिळालं तर?

आमच्याकडे रविवारी जेवायला आलेलं माणूस ताटाकडे बघून हमखास विचारतं, "या सगळ्याचं सामान मुंबईत मिळतं का हो? आणि नाही मिळालं तर काय घालता?" ऑफिसात डबा उघडला तरी हेच, लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या तरी हेच. देशोदेशींची पाककृतींची पुस्तकं जमवायचा आणि त्यातलं घरी करून बघायचा मला नाद आहे, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. पण या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बहुतेक सगळं मिळतं. क्रॉफर्ड मार्केटात थाई तुळस, सेलरी, गलांगल (आल्यासारखं दिसणारं थाई मूळ) मिळतं. मशीद बंदरला मसाले आणि सुकामेवा. मिसो (सोयाबीन आंबवून केलेला जपानी लगदा), नोरी (समुद्री शेवाळाचे सुके कागद), ताहिनी (तिळाचं वाटण) आता उपनगरांतल्या मोठ्या दुकानांतही दिसतात. पैसे मात्र मोजावे लागतात.

दुसऱ्या अर्ध्याला माझं उत्तर असं आहे की सामान खुशाल बदला, कृती बदलू नका. आपण नेमकं उलटं करतो. महागडी बाटली शोधून आणतो आणि मग सवयीनं कढईत तेल तापवतो, जिरं टाकतो, आलं-लसणाचं वाटण परततो, आणि त्यात ती बाटली ओततो. मग म्हणतो, एवढा खर्च करून काही वेगळं लागलं नाही. कसं लागणार? हात आपलाच चालला ना.

सामान बदलताना मी एवढंच बघते की तो जिन्नस त्या पदार्थात काय काम करतोय. पाश्चात्त्य पुस्तकातलं बटरमिल्क केकमध्ये आंबटपणासाठी असतं. त्याच्यामुळे सोडा फुलतो. ते दाट असतं. आपलं पातळ ताक घातलं तर पीठ सैल होतं, पण दह्यात थोडं पाणी घालून फेटलं की काम होतं. सावर क्रीमऐवजी चक्का चालतो. रिकोटाऐवजी घरी फाडलेलं, न दाबलेलं पनीर. पाप्रिकाऐवजी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची, कारण तिथेही रंग हवा असतो, तिखटपणा बेताचाच. उलट अमेरिकी पुस्तकातली चिली पावडर म्हणजे जिरं, लसूण, ओरेगानो घातलेला सौम्य मसाला असतो. दोन टेबलस्पून लिहिलेत म्हणून आपलं लवंगीचं तिखट तेवढं घातलं तर कुणाला घास गिळवणार नाही. आणि काही ठिकाणी बदल चालतच नाही. ब्रिटिश डबल क्रीममध्ये 48 टक्के स्निग्धांश असतो, आपल्याकडच्या खोक्यातल्या साध्या क्रीममध्ये 25च्या आसपास. ते कितीही फेटा, फुगणार नाही. मिसोला आणि पार्मेझान चीजलाही मला अजून पर्याय दिसलेला नाही. ते नसेल तेव्हा मी तो पदार्थ करत नाही.

आता कृतीबद्दल. थाई हिरव्या करीत नारळाचं दूध आधी आटवायचं असतं, इतकं की ते फुटून त्यातून तेल सुटलं पाहिजे. आमच्या कोकणी घरात नारळाचा रस फुटणं म्हणजे स्वयंपाक बिघडणं. रस घातला की आच मंद, सतत ढवळायचं, उकळी येऊ द्यायची नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेय. मी पहिलं दाट दूध मोठ्या आचेवर ठेवलं तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"अगं, फुटलं ना ते!"

"फुटू द्यायचंय, आई. मसाला त्याच तेलात परतायचाय."

त्या काही बोलल्या नाहीत, पण तिथून हलल्याही नाहीत. दूध आळत गेलं, बाजूनं चकचकीत तेलाचे थेंब दिसायला लागले, आणि खलबत्त्यात कुटलेली हिरवी मिरची, गलांगल आणि गवती चहाचं वाटण त्यात पडल्याबरोबर जो वास सुटला, तो साध्या तेलात परतून कधी सुटला नव्हता. पातळ दूध नंतर, भाज्यांबरोबर. डब्यातलं नारळाचं दूध पुष्कळदा असं फुटत नाही, कारण ते फुटू नये म्हणून त्यात स्थिरक घातलेले असतात. दादरच्या बाजारातला नारळ घरी खवून काढलेलं दूध मात्र छान फुटतं. म्हणजे इथे महाग डब्यापेक्षा आपला नारळ बरा. गवती चहाचंही तसंच. भाजीवाल्याकडच्या जुडीत नुसती पाती असतात, चहापुरती. करीला बुंध्याकडचा पांढरा भाग लागतो. गॅलरीतल्या कुंडीत एक बेट लावलं की तो प्रश्न मिटतो.

कृतीचा हट्ट मी इतका का धरते, ते मक्याच्या गोष्टीवरून सांगता येईल. मेक्सिकोत टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, करायचा तर वाळका मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच मुरवतात, सकाळी धुऊन साल चोळून काढतात आणि मग ओलाच वाटतात. ही रीत तिथे हजारो वर्षांची आहे. चुन्यामुळे साल सुटतं, वाटलेलं पीठ एकजीव होतं, आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, शरीराला मिळण्याजोगं होतं. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. चुन्याची रीत गेली नाही. स्पेनच्या उत्तरेत, इटलीत गरीब माणसं मक्यावरच जगू लागली आणि त्यांना पेलाग्रा जडू लागला: कातडी खडबडीत लाल होते, हगवण लागते, भ्रम होतो, माणूस दगावतो. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्यानं 1735 मध्ये या रोगाचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात याच रोगानं असंख्य माणसं मेली. सामान तेच होतं, कृती तेवढी मागे राहिली होती. हे मी वाचलं त्या दिवसापासून पुस्तकातली एखादी पायरी मला निरर्थक वाटली तरी मी ती गाळत नाही.

आणि ही पायरी मुंबईत करायला अगदी सोपी आहे. वाळका मका धान्याच्या दुकानात मिळतो. पॉपकॉर्नचा घेऊ नका. चुना खायचाच हवा, पानवाल्याकडचा. रंगाचा चुना चुकूनही नको. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम कोरडा चुना पुरतो, पानवाल्याकडचा ओला असेल तर थोडा जास्त. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमवर चुन्याचा परिणाम होतो. दाणे शिजताना हळूहळू पिवळेजर्द होतात, आणि झाकण काढलं की नुसत्या उकडलेल्या कणसाहून वेगळाच, मातकट गोडसर वास येतो. सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुतले की साल हाताला गुळगुळीत लागत निघून येतं. वाटून मळलं की गोळा भाकरीच्या पिठासारखा मऊ होतो. तो दुधाच्या पिशवीच्या दोन तुकड्यांत घालून पुरीच्या यंत्रात दाबायचा आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायचा. बाजारात मिळतं ते कोरडं मक्याचं पीठ घेतलंत तर कडा फाटतात आणि दुमडली की पोळी मोडते.

एक गोष्ट मात्र पुस्तकातली मी मानत नाही, ती म्हणजे घड्याळ. युरोपातलं पुस्तक "खोलीच्या तापमानाला दोन तास" म्हणतं तेव्हा त्याच्या मनात 20-22 अंशांची खोली असते. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात पारा 32-33 वर असतो आणि हवेत दमटपणा. ब्रेडचं पीठ तासाभरात दुप्पट होतं. दोन तास ठेवलं तर आंबूस होऊन बसतं. म्हणून वेळ न बघता पीठ बघायचं, किंवा यीस्ट कमी घालून रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्यायचं. लोण्याचे पदर असलेले प्रकार मी उन्हाळ्यात करतच नाही. डिसेंबर-जानेवारी येऊ देते. मापांचंही एकदा बघून घ्या: अमेरिकी कप साधारण 240 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन 250, जपानी 200. ऑस्ट्रेलियन टेबलस्पून 20 मिलिलिटरचा असतो, बाकीच्यांचा बहुतेक 15. पुस्तक कुठे छापलंय ते आधी बघावं. एक साधा वजनकाटा घेतलात तर यातली निम्मी कटकट संपते.

सुरुवात कशानं करू, असं विचारणाऱ्यांना मी इथिओपियाचं डोरो वट सांगते. कोंबडीचा रस्साच तो, पण आपल्या कुठल्याच रश्श्यासारखा नाही. त्यात बर्बेरे नावाचा मसाला लागतो: सुक्या मिरच्या, मेथी, धणे, ओवा, सुंठ, वेलची, मिरी, लवंग, दालचिनी. सगळं आपल्या डब्यात असतं. तिथली कोरारिमा नावाची मोठी वेलची इथे मिळत नाही, त्या जागी मी आपली हिरवी घालते. तूपही तिथे मसाल्यात कढवतात. आपण लोणी कढवताना विड्याचं पान टाकतो, तिथे हळद, मेथी, आलं, लसूण टाकून गाळतात. कोंबडी तिथे कातडी काढूनच वापरतात, त्यामुळे आपल्या चिकनवाल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. वट सोबत खायचा इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं धिरड्यासारखं जाळीदार, टेफ नावाच्या बारीक धान्याचा असतो. टेफ मला इथे मिळत नाही, म्हणून नाचणीचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून एकाच बाजूनं, झाकण ठेवून भाजते. हा बदल मला मनापासून पटतो, कारण नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या त्याच डोंगराळ मुलखातली. इथिओपियात तिचाही इंजेरा करतात.

म्हणजे सामानाची अडचण नाही. अडचण कांद्याची आहे. तो अगदी बारीक चिरून, जाड बुडाच्या पातेल्यात, तेलातुपाचा थेंबही न घालता, मंद आचेवर शिजवायचा असतो. आधी पाणी सुटतं, मग आटतं, मग कांदा बुडाला धरायला लागतो, की चमचाभर पाणी शिंपडायचं आणि खरवडून घ्यायचं. असं पाऊण ते एक तास. तेवढ्या वेळात तो गुलाबीचा तपकिरी होतो आणि त्याचा मऊ लगदा होतो. मगच तूप, मग बर्बेरे, मग कोंबडी, शेवटी उकडलेली अंडी. त्या रश्श्यात खोबरं नसतं, दाण्याचं कूट नसतं, टोमॅटोही नसला तरी चालतं. त्याला जो दाटपणा आणि गोडी येते ती सगळी त्या कांद्याची. आधी तेल घातलंत तर तुकडे तळले जातात, आकार धरून राहतात, आणि शेवटी आपला नेहमीचाच रस्सा होतो, फक्त मसाला वेगळा.

तेव्हा एखादा मोकळा रविवार बघा, कोंबडी असेल जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कांदा घ्या. चिरताना हा फार होतोय असं वाटेल. तरी कमी करू नका, आणि गॅसजवळ उभं राहायला कुणीतरी सोबतीला घ्या.