तुम्ही विचारलंत म्हणून : पाटील असून जैन कसे?

"पाटील? आणि जैन? म्हणजे मूळचे मारवाडी का?" कोल्हापूर सोडल्यापासून हे ऐकतेय. ऑफिसात, लोकलमध्ये, मुलीच्या शाळेत पालकसभेला. दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि विषय बदलते. पण गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर एकाने मला उद्देशून लिहिलं, "तुम्ही लोक मराठी माणसाला घर देत नाही." तुम्ही लोक. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून आज सगळं लिहून काढतेय.

आम्ही शिरोळ तालुक्यातले. कुठून आलेलो नाही, तिथलेच. दिगंबर पंथाचे, त्यात चतुर्थ ही आमची पोटजात, म्हणजे शेतकरी. ऊस, भुईमूग, थोडी हळद. आज्जीचं माहेर बेळगावकडचं, त्यामुळे ती चिडली की कानडीत बोलायची, बाकी घरात मराठीच. पाटील, चौगुले, मगदूम ही आडनावं आमच्यातही आहेत आणि मराठ्यांतही. २०११ च्या जनगणनेत देशात जैन साधारण साडेचव्वेचाळीस लाख, त्यातले चौदा लाख एकट्या महाराष्ट्रात, गुजरात-राजस्थानपेक्षा जास्त. त्या चौदा लाखांत मुंबईतले हिऱ्याचे व्यापारी पण आले आणि पहाटे उसाला पाणी पाजायला जाणारे माझे काका पण आले, रकाना एकच. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी 'श्री चावुंडराजे करवियले' असं मराठीत कोरलंय हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय ना? मग मराठी आणि जैन एका वाक्यात आले की एवढं आश्चर्य का वाटतं?

दुसरा नेहमीचा प्रश्न, शेतीत किडे मरतात मग जैन शेती कशी करतात. आजोबा म्हणायचे आदिनाथांनी, म्हणजे आमच्या पहिल्या तीर्थंकरांनी, माणसाला जी सहा कामं शिकवली त्यात कृषी आहे. आणि गृहस्थाला जी हिंसा पूर्ण सोडायला सांगितलीय ती संकल्पी, म्हणजे मारायचं ठरवून मारणं. पोटापाण्याच्या कामात होते ती कमीत कमी होऊ द्यायची, पण ती मुनींसारखी पूर्ण टाळणं शेतकऱ्याला जमणार नाही हे आपल्या शास्त्रालाही माहीत आहे. आज्जी कांदा-बटाटा खात नव्हती, दिवस मावळायच्या आत जेवायची. आई खाते. मी पण खाते. एकाच घरात दोन तऱ्हा आहेत आणि कोणी कोणाला कमी जैन म्हणत नाही.

आता घराचं.

मी चोवीस वर्षांची होते, मुंबईत नोकरी लागून नऊ दिवस झाले होते. होस्टेलपासूनची मैत्रीण आणि मी मिळून फ्लॅट बघत होतो, ती राधानगरीकडची, ती पण पाटील, पण मराठा. एजंट म्हणाला की एका सोसायटीत जागा आहे, जैन असाल तर होईल. रविवारी दुपारी सेक्रेटरींच्या घरी गेलो. वयस्कर गृहस्थ, बोलायला अतिशय मऊ, आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "पाटील तो मराठा होते हैं." मी म्हटलं आमच्याकडे जैन पण असतात. त्यांनी विचारलं, "नवकार आता है?" नवकार म्हणजे जैनांचा रोजचा मंत्र. आणि मी उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं उभं राहायला. हात जोडून 'णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं' सुरू केलं, तर त्यांनी मध्येच थांबवलं, "णमो नहीं बेटा, नमो." आमच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, उपाध्ये (पुजारी) म्हणतात तसं मी म्हणत होते, आज्जीच्या मांडीवर बसून शिकले होते तसं. तरी मी 'नमो' असं सुधारून पहिल्यापासून म्हटलं. पूर्ण म्हटलं. वर पर्समधून शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स काढून दाखवली, त्यावर 'जैन चतुर्थ' लिहिलंय.

मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आप भी पाटील?" ती हो म्हणू शकली असती. ती म्हणाली, "मी मराठा." ते म्हणाले तुमचं होईल, यांचं नाही होणार, कमिटीचा नियम आहे. तिने अर्धा प्यायलेला ग्लास टीपॉयवर ठेवला, चप्पल घातली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेली.

पुढच्या रविवारी मी ॲग्रीमेंटवर सही केली.

कोणी विचारलं तर आजवर सांगत आले की तिला तिच्या ऑफिसजवळ रूम मिळाली. हे खोटं आहे. ती चार महिने मावशीकडे हॉलमध्ये झोपली. माझ्या लग्नाला आली, आहेर केला, त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही.

स्वतःशी भांडते तेव्हा ती चोवीस वर्षांची मुलगी म्हणते, नियम मी केला नव्हता, मी नाही म्हटलं असतं तरी तिला ते घर मिळणार नव्हतं. बरोबर आहे. पण कुंभोजचे भाऊराव पाटील, कर्मवीर, आमच्याच समाजातले, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नाही म्हणाले, म्हणून बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं त्यांना. ते तर विद्यार्थी होते. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगतात आणि मी पण सांगते. त्यांना काढणारं बोर्डिंगही आमचंच होतं, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. आज्जीच्या काळात चतुर्थ आणि पंचम या आमच्यातल्याच दोन पोटजातींत सोयरीकसुद्धा होत नव्हती. म्हणजे दार लावायचं आम्हाला मुंबईने शिकवलं असंही नाही.

ग्रुपवर मी टाइप केलं होतं, "आम्ही ते जैन नाही, आम्ही इथलेच शेतकरी आहोत." शब्द न् शब्द खरा आहे. पाठवायच्या आधी ते ॲग्रीमेंट आठवलं आणि पुसून टाकलं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर धर्म जैन, मातृभाषा मराठी असं मी एका दमात लिहिते, तिथे पेन अडत नाही. त्या माणसाला उत्तर मात्र अजून दिलेलं नाही.