पिकअप शाबूत होता

नौपाड्यातील माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या बास गिटारचा आवाज बसलेला असला, तर वादकाचा पहिला संशय बहुधा पिकअपवर, म्हणजे तारांची हालचाल टिपून तिचा विजेचा संकेत करणाऱ्या भागावर असतो. त्या शनिवारी सकाळी आलेले काकाही निदान ठरवूनच आले होते. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या एका वाद्यवृंदात ते बास वाजवतात, आणि त्याच संध्याकाळी डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम होता. "ई आणि ए या तारा बोलतच नाहीत, अर्धा पिकअप गेला आहे, नवीन बसवून द्या," असे त्यांनी बास टेबलावर ठेवता ठेवताच सांगितले.

संशय निराधार नव्हता. त्यांचा बास फेंडर कंपनीच्या 'प्रिसिजन' बासच्या धर्तीचा आहे आणि त्यात पिकअपचे दोन तुकडे असतात: एक ई आणि ए या जाड तारांखाली, दुसरा डी आणि जी या बारीक तारांखाली. एका तुकड्याच्या गुंडाळीत दोष निर्माण झाला, तर नेमक्या दोनच तारा दबतात. मात्र अँप्लिफायर चालू ठेवून मी दोन्ही तुकड्यांच्या चुंबकांवर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवले, तेव्हा दोन्हीकडून सारखाच ठसठशीत 'टक्' आला. मल्टिमीटरवर एकूण रोध १० किलोओहमच्या थोडा वर होता, म्हणजे अशा पिकअपला शोभेल इतकाच.

मग लक्ष तारांकडे गेले. त्या नव्या होत्या, आणि त्यांचा रंग तांबूस सोनेरी होता. खुंटीजवळचे जादा टोक कापून मी वरचे वेटोळे उलगडले आणि ती बारीक तार चुंबकाजवळ नेली. ती हललीसुद्धा नाही. आतला पोलादी गाभा मात्र चटकन चिकटला. एका दुकानदाराने त्यांना विजेशिवाय वाजणाऱ्या अकूस्टिक बाससाठी असलेल्या फॉस्फर ब्राँझच्या तारा दिल्या होत्या.

इलेक्ट्रिक बासचा पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात लोहचुंबकीय धातूची तार हलली की गुंडाळीत वीज निर्माण होते, आणि तोच पुढे जाणारा संकेत असतो. ब्राँझ चुंबकाला दाद देत नसल्यामुळे पिकअपला फक्त गाभा जाणवतो. जी तारेत वेटोळ्याचा थर पातळ असल्याने फारसे नुकसान होत नाही. पण ई तारेची जवळजवळ सगळी जाडी वेटोळ्यांचीच असते, त्यामुळे सर्वांत मोठी तार सर्वांत दुबळी ठरते. उपाय म्हणून काकांनी पिकअपचा तो तुकडा स्क्रूने इतका वर आणला होता, की नव्या तारा बसवण्याआधी मला तो खाली घ्यावा लागला. चुंबक पोलादी तारेच्या फार जवळ आला, तर तिला ओढून धरतो आणि सूर डळमळू लागतो.

आता तारा कोणत्या निवडायच्या, यावर आमची खरी चर्चा झाली. साठच्या दशकातली गाणी वाजवणाऱ्याला मी सपाट पट्टी गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा सुचवतो. त्यांचा आवाज गोल आणि गाभुळलेला येतो, बोटे सरकताना खरखर होत नाही, आणि माझ्या मते त्या गाण्यांत चकचकीत बास खुपतोच. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन याच प्रकारच्या तारा वाजवीत, आणि तुटल्याशिवाय बदलत नसत, असे सांगितले जाते. काकांना ते पटले, तरी त्यांनी नकार दिला आणि तो योग्य होता. बहुतेक फ्लॅटवाउंड संचांचा ताण अधिक असतो. ताण बदलला की मान वाकते आणि तिला स्थिरावायला अवधी लागतो. कार्यक्रम तर काही तासांवर होता. त्यामुळे ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा, निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा नेहमीचा राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेला संच त्यांनी घेतला. त्या मापाच्या चारही तारा मिळून मानेवर साधारण ७५ ते ८० किलोंचा ताण देतात, आणि त्यांच्या बासची मान त्याच ताणाला सरावलेली होती. ई तार पहिल्याच छेडीत भरून बोलली, तेव्हा काकांनी पिकअपचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात ते फ्लॅटवाउंड बसवून घ्यायला आले. त्या दिवशी घाई नसल्याने मी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला तिचा बाक सांभाळणारा दांडा, थोडा आवळला, नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या खाचा जाड ई तारेसाठी किंचित रुंद केल्या आणि बास रात्रभर ठेवून घेतला.