बाई, ह्या शनिवारचा पेपर कामून आला नाही?

आधी तो पेपर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन, एक मी आणि एक सर. गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या दारात लागायला लागतात आणि एकेक घर बंद होत जातं, मग पार मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. पूर्वी लेकरंही जायची, आता हंगामी वसतिगृहामुळे बरीच मागे राहतात. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे, असं चालतं.

तर ह्या मुलांच्या घरी वाचन व्हावं म्हणून मी काय काय केलंय. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलाम साहेबांची जयंती, २०१५ पासून सगळ्या शाळांत होतो, तेव्हा मागच्या वर्षी मी मुलांना एकेक वही दिली होती. रोज २० मिनिटं घरच्यांसोबत वाचायचं आणि वहीत घरच्यांची सही आणायची. महिनाभर सह्या आल्या, मी खूश. मग एक दिवस सगळ्या वह्या एकत्र घेऊन बसले तर आठ वह्यांवर एकच अक्षर. चौथीतला एक मुलगा सह्या करून द्यायचा, दोन गोट्यांना एक सही.

मला राग आला होता, खरंच आला होता. त्या आठातल्या एकाच्या घरी गेले, तिसरीतला, घरी सगळे त्याला बारक्या म्हणतात. त्याची आजी चुलीपुढे बसली होती, तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "बाई, जे मला येत नाही ते तुम्ही माझ्याकडं मागितलं. मग लेकराला खोटं बोलावंच लागलं ना."

त्या दिवशी घरी गाडीवर जाताना १८ किलोमीटर तेच डोक्यात. मी वाचणाऱ्या घरांचा उपाय न वाचणाऱ्या घरांवर लादत होते. लॉकडाऊनमध्ये 'गोष्टींचा शनिवार' म्हणून दर शनिवारी व्हॉट्सॲपवर गोष्टी यायच्या, छान असायच्या, पण ज्या घरात बटनाचा फोन तिथे त्या पोचल्याच नव्हत्या. मग ह्या घरांत कुणीच कधीच काही वाचत नाही का? तर तसंही नाही. लग्नपत्रिका आली की बघा. घरातलं झाडून सगळं माणूस तिच्यावर तुटून पडतं, आपलं नाव कुठे टाकलंय, चुलत्याचं वर आणि आपलं खाली का, ज्याला अक्षर येत नाही तो पोराला धरून बसवतो आणि म्हणतो वाच पहिल्यापासून. वाचता न येणारी माणसंसुद्धा पत्रिका पूर्ण वाचून घेतात, कारण त्यात ती स्वतः असतात.

बस, तिथून पेपर सुरू झाला. एक ए-फोर कागद, एका बाजूला, चार-पाच बातम्या. बातम्या मुलंच आणतात. कुणाची शेळी व्याली, हातपंप दुरुस्त झाला, कुणाच्या आजोबांना दवाखान्यात नेलं, शाळेमागे लावलेली मेथी उगवली, खिचडीत ह्या आठवड्यात वाटाणा होता. नाव मुलांनी ठेवलं, 'गावची खबर'. शनिवारी शाळा सुटताना प्रत्येकाच्या हातात एक कागद. घरी जाऊन मोठ्याने वाचायचा, वाचणार मुलगा, ऐकणार घरचे. सही नाही. त्याऐवजी ज्याने ऐकलं त्याने पुढच्या आठवड्यासाठी एक बातमी द्यायची आणि मुलाने ती सोमवारी शाळेत आणायची. बातमी आली म्हणजे वाचन झालं.

हे सगळं नोव्हेंबरपासून चालू होतं, चांगलं चाललंय एवढं दिसत होतं. किती चांगलं चाललंय ते मला त्या जानेवारीतल्या सोमवारी कळलं.

झालं असं की त्या शनिवारी प्रिंटरचा टोनर संपला. तालुक्याला दुकान बंद. सर म्हणाले पुढच्या आठवड्यात दोन्ही एकत्र काढू, मीही म्हटलं ठीक आहे, एक आठवडा नाही निघाला तर काय होतंय. सोमवारी सकाळी साडेसहाला, मी डबा भरत होते, अनोळखी नंबरवरून फोन. मागे इंजिनाचा आवाज, माणूस ओरडूनच बोलत होता.

"बाई, बारक्याचा बाप बोलतोय. ह्या शनिवारचा पेपर कामून आला नाही?"

मला आधी कळेचना हा कुठल्या पेपरबद्दल बोलतोय. तो तर कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात, तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर.

मग त्याने सांगितलं. शनिवारी रात्री आठच्या सुमाराला आजीच्या बटनाच्या फोनवर हे लोक फोन लावतात आणि बारक्या पेपर वाचून दाखवतो. पहिल्या शनिवारी फक्त त्याचे आईबाप होते. दुसऱ्या शनिवारी शेजारच्या कोपीतली, म्हणजे झोपडीतली, बाई येऊन बसली, कारण तिच्या शेळीची बातमी होती. आता अख्खी टोळी बसते, ११ कोयते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे २२ माणसं. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री ट्रक आला की भरायचा, आणि त्यातून शनिवारचा हा अर्धा तास ते राखून ठेवतात. परवा फोन लावला तर बारक्या म्हणाला पेपर नाही, आणि मग, बाप म्हणाला, "आता बाया कालपासून ईचारायल्या, गावात काही झालंय का, म्हणून लपवायलेत का."

हे ऐकून मी तशीच उभी राहिले, डबा हातात. इकडे कागद नाही निघाला आणि तिकडे लोकांच्या जिवाला घोर लागला. मी त्याला म्हटलं, आज रात्री पेपर येईल, नक्की येईल.

त्या दिवशी शाळेत दुसरं काही केलं नाही. सर म्हणाले करा, मी पहिली-दुसरी बघतो. तिसरी-चौथीला घेऊन बसले, फळ्यावर बातम्या मांडल्या, एकेक वाक्य मुलांनी सांगायचं, बाकीच्यांनी दुरुस्त करायचं. "आजोबांचं ऑपरेशन झालं" एवढं एका मुलीने सांगितलं तर दुसरी म्हणाली असं नको, कुठल्या डोळ्याचं ते टाका, नाहीतर तिकडे ते विचारतील. नऊ वर्षांची मुलगी. ऐकणाऱ्याला काय लागेल हा विचार मी शिकवून शिकवला नव्हता. मग सगळ्यांनी हाताने पेपर उतरवला, दुपारच्या सुट्टीतही उठले नाहीत. बारक्याने त्याचा दोनदा लिहिला, पहिल्यात खाडाखोड झाली म्हणून.

संध्याकाळी मी घरी गेले नाही. मुलांची जेवणं झाल्यावर बारक्यासोबत त्याच्या घरी गेले, ओट्यावर बसलो, आजीने फोन मधे ठेवला. पावणेआठला रिंग वाजली. तिकडून आधी भांड्यांचा आवाज, कुणीतरी म्हणालं "बसा रे खाली", मग एकदम शांत.

बारक्या वाचायला लागला. तो सावकाश वाचतो. निपुण भारत ह्या सरकारी मोहिमेच्या हिशोबात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द यायला हवेत, दिवाळीनंतर मी मोजले तेव्हा ह्याचे २२ होते आणि ते मोजताना त्याचे कान लाल झाले होते. ओट्यावर त्याचे कान लाल नव्हते. बोट ओळीखाली ठेवून वाचत होता, हातपंपाची बातमी झाली, मग आजोबांची आली. "उजव्या डोळ्याचं मो... मोती..." आणि अडकला. मी सांगणारच होते, तोंडही उघडलं होतं, तेवढ्यात आजीने माझ्या हातावर हात दाबला.

"थांबा. येतंय त्याला."

फोनमध्येही कुणी बोललं नाही. कुणीतरी खोकलं फक्त. वर्गात मी कधी एवढी थांबलेय का हो? वर्गात तीन सेकंद झाले की मीच शब्द पुरवते, नाहीतर मागून कुणीतरी ओरडतं. इथे २२ माणसं, दिवसभर वाकून पाठीचा कणा मोडलेली, एका पोराच्या एका शब्दासाठी गप्प बसली होती.

"मोती... बिं... मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. त्यांना आता घड्याळ दिसतं."

पलीकडून एक माणूस म्हणाला, "दादाला घड्याळ दिसाया लागलं!" आणि मग तोच आवाज, जरा वेळाने, "परत वाच रे बाळा तेवढं." बारक्याने परत वाचलं. ह्या वेळी मोतीबिंदूला अडकला नाही.

सगळं झाल्यावर त्याच्या आईने विचारलं, "आन् तुझी बातमी कुठंय त्याच्यात?"

तर हा म्हणतो, "माझी कशी येईल? मी वाचणारा हाय ना."

मग तिकडच्या बातम्या सुरू झाल्या, एकाच वेळी चार जण बोलायला लागले, बारक्या कागदाच्या मागे टिपून घेत होता आणि "एकेकानं सांगा" म्हणून दरडावत होता, तेही ऐकत होते. टायरगाडी ओढ्यात रुतली ती दुसरे बैल जोडून काढली. एकीच्या हाताला कोयता लागला, तीन टाके पडले, पण तिने बजावलं की हे पेपरात घेऊ नका, सासू काळजी करते. वाढ्याचे, म्हणजे चाऱ्याला विकलेल्या उसाच्या शेंड्यांचे, पैसे बरे मिळाले, ते घ्या.

शेवटी बापाने मला फोनवर घेतलं. म्हणाला, पेपरचा फोटो मुकादमाच्या मोबाईलवर पाठवता का, छोटीला अक्षरं दावायची हायेत, पण जरा मोठी काढा.

छोटी म्हणजे बारक्याची बहीण, सहा वर्षांची. म्हातारीला दोन लेकरं झेपत नाहीत म्हणून तिला सोबत नेलंय. तिचं नाव माझ्या शाळेच्या पहिलीच्या हजेरीवर आहे, रोज हजेरी घेताना तिच्या नावापुढे सर काय लिहितात ते मला बघवत नाही. कायद्याने तिला तिथल्या जवळच्या शाळेत बसता आलं पाहिजे, २००९ चा कायदा तेच सांगतो, पण फड आठवड्याला हलतो, शाळा लांब आणि पोरीला सोडायला-आणायला कुणाला वेळ आहे. मी तिथल्या भागातल्या एका शाळेत फोन केलाय, बोलणं चालू आहे. ते होईल तेव्हा होईल.

तोवर मी पेपरात खाली एक रिकामी पट्टी सोडली. त्यात दर आठवड्याला एकच शब्द, अख्ख्या कागदाच्या रुंदीचा, फडातला, जो तिच्या डोळ्यांसमोर रोज आहे. पहिल्या शनिवारी 'ऊस'. त्यानंतर 'गाडी'. त्यानंतर 'बैल'.

त्या 'बैल'च्या शनिवारीही मी ओट्यावर होते. बारक्याचा पेपर वाचून झाला, मग फोन छोटीकडे गेला. मुकादमाच्या मोबाईलमध्ये बघत तिने वाचलं, "बल."

बारक्याने फोन तोंडाजवळ घेतला. "नीट बघ. ब च्या डोक्यावर किती काड्या हायेत?"

बराच वेळ काहीच नाही. बारक्या फोनकडे बघत बसला होता, ओठ हलत होते पण आवाज काढला नाही त्याने.

"दोन."

"मग?"

"बै... ल. बैल!"

आजी पुढे सरकली आणि फोनवर वाकून तिला विचारायला लागली, आपल्या तांबड्या बैलाचा पाय बरा झाला का गं, तो आता चालतो का नीट, आणि त्याला रात्री पोतं टाकता का अंगावर, थंडी लई पडलीय.